कसाबला वकील कशाला?

मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये महानगर दंडाधिकारी न्यायालयांतल्या वकिलांच्या संघटनेने ठराव केला: आमच्यापैकी कोणीही, हल्लेखोरांपैकी जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचं वकीलपत्र घेणार नाही. लोकांना तो ठराव मनापासून पटला. सीएसटीवर बंदूक घेऊन फिरणाऱ्या कसाबचा फोटो घराघरांत पोचला होता. ज्याला अख्ख्या देशाने पाहिलं, त्याच्यासाठी सरकारी खर्चाने वकील कशाला, असं विचारणारी माणसं काही बिनडोक नव्हती. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर घटनेच्या कलमांत आहेच, पण त्याच खटल्याच्या कागदांत ते जास्त स्पष्ट सापडतं.

मार्च २००९ मध्ये विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी अंजली वाघमारे यांना कसाबच्या वकील म्हणून नेमलं. लगेच त्यांच्या घरावर मोर्चा गेला. पुढे याच हल्ल्याशी संबंधित एका साक्षीदाराचंही वकीलपत्र त्यांच्याकडे असल्याचं निघालं, म्हणून ती नेमणूक रद्द झाली. मग अब्बास काझमी आले. शेकडो औपचारिक साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं उलटतपासाशिवाय स्वीकारावीत की नाही यावरून न्यायालयाशी त्यांचं बिनसलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनाही दूर केलं गेलं. शेवटी त्यांचेच सहकारी के. पी. पवार यांनी खटला तडीस नेला. मधेच कसाबने भर कोर्टात गुन्हा कबूल केला होता, तरी तेवढ्यावर निकाल न देता खटला पुढे चालला. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा झाली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात नाही. दोघेही भारतीय. मुंबईतल्या ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे त्यांनी हल्लेखोरांना पुरवले, असा आरोप होता. मुख्य पुरावा होता गिरगाव चौपाटीवर मारला गेलेला कसाबचा साथीदार अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात सापडलेला नकाशा. बचाव पक्षाने एक साधी गोष्ट पुढे केली. इस्माईलची पँट रक्ताने माखली होती, आणि खिशातला कागद मात्र स्वच्छ कसा? न्यायाधीशांना ते पटलं. दोघेही निर्दोष सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी हा निकाल पाहू शकले नाहीत. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घालून ठार केलं गेलं. ते बत्तीस वर्षांचे होते. स्वतः तरुणपणी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात राहून आलेला हा माणूस तिथेच शिकायला लागला, पुढे वकील झाला. हन्सल मेहतांचा ‘शाहिद’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

त्या ठरावाप्रमाणे या खटल्यातल्या सगळ्याच आरोपींना वकील नाकारला गेला असता तर कसाबच्या शिक्षेत काही फरक पडला नसता, हे मान्य. पण त्याच्याबरोबर आणखी दोघे कदाचित फासावर गेले असते.

सर्वोच्च न्यायालयात कसाबसाठी राजू रामचंद्रन न्यायमित्र म्हणून उभे राहिले. आरोपीला सुरुवातीपासून वकील मिळाला नाही, हा त्यांचा एक मुद्दा. आधी कसाबनेच भारतीय वकील नाकारला होता, म्हणून त्या मुद्द्यावर त्याला फायदा मिळाला नाही. मात्र त्या निमित्ताने न्यायालयाने सगळ्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं की, अटक झालेला माणूस पहिल्यांदा समोर आणला जातो त्याच वेळी त्याला सांगा, तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकार देईल. आज एखाद्या तालुक्याच्या कोर्टात भेदरलेल्या शेतमजुराला ‘वकील आहे का? सरकारी हवा का?’ असं विचारलं जातं, त्यामागे कसाबच्या निकालाचाही वाटा आहे.

हा हक्क तसा जुना. घटनेच्या २२व्या अनुच्छेदाने अटकेतल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील नेमण्याचा अधिकार दिला. १९७६ मध्ये ‘३९ अ’ आला आणि मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर आली. १९७८ ते १९८६ या काळात सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक निकाल देऊन हा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३४० आणि ३४१ याच गोष्टी सांगतात. कलमं एवढी पुरेत. वकील करतो काय, हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं.

सिनेमामुळे आपला समज असा की बचावाचा वकील अखेरच्या दिवशी एखादा खबऱ्या घेऊन येतो, खरा खुनी कठड्यात रडू लागतो आणि न्यायाधीश हातोडा आपटतात. आपल्या न्यायालयांत हातोडा नसतो. खरा खुनी कोण हे शोधायची जबाबदारीही बचावावर नसते. गुन्हा सिद्ध करायचा तो सरकार पक्षाने, आणि तोही वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतका. आरोपीने तोंड न उघडता बसून राहायचं ठरवलं तरी त्याला तो अधिकार आहे. पोलीस, प्रयोगशाळा, सरकारी वकील, तुरुंग ही सगळी यंत्रणा एका बाजूला आणि एक माणूस दुसऱ्या बाजूला, म्हणून ही रचना आहे.

खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा, बलात्कार अशा गुन्ह्यांत वकिलाचं काम रिमांडपासून सुरू होतं, आणि निम्मी केस तिथेच घडते किंवा बिघडते. अटकेनंतर चोवीस तासांत आरोपी दंडाधिकाऱ्यांसमोर येतो. पोलीस कोठडी मागतात. वकील विचारतो: कोठडी कशासाठी? हत्यार जप्त झालं, कपडे जप्त झाले, मग आणखी सात दिवस कशाला? मारहाण झाली असेल तर ती त्याच दिवशी नोंदवून वैद्यकीय तपासणी मागावी लागते. आठवड्याने सांगितलं तर त्याला किंमत राहत नाही. या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. जागरूक वकील त्या तारखेवर डोळा ठेवून असतो. ज्याला वकीलच नाही, त्याचा एक्याण्णवावा दिवस येतो आणि जातो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी असते, ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’. वाचक म्हणतो, झालं, संपलं. पण पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही, आणि हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता. पोलीस कोठडीत माणूस काय काय कबूल करतो, हे इंग्रजांनाही कळत होतं! अपवाद आहेत. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं वाचता येतं. कोयता विहिरीतून काढून दिला, रक्ताचा शर्ट माळ्यावरून काढून दिला, असे निवेदन पंचनामे येतात ते याच वाटेने. दुसरा अपवाद महाराष्ट्राचाच. १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली जाते. त्याकडे पुढे येतो.

दोषारोपपत्र हाती आलं की खरं वाचन सुरू होतं. फौजदारी वकील ते कादंबरीसारखं वाचत नाही, तो घड्याळ आणि कॅलेंडर घेऊन वाचतो. घटना रात्री साडेनऊची, फिर्याद पहाटे चारची. मधले साडेसहा तास कुठे गेले? फिर्यादीच्या आधीच मृतदेहाचा पंचनामा झालेला दिसतो, मग त्यात आरोपीचं नाव का नाही? डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराचा जबाब पाच दिवसांनी का घेतला? जखम शवविच्छेदन अहवालात बोथट हत्याराची आणि साक्षीदार मात्र तलवार म्हणतोय. मुद्देमाल जप्त झाला त्या दिवसापासून रासायनिक विश्लेषकाकडे पोचेपर्यंत कुठे होता, लाखेचं सील होतं का, सीलवर ठसा कोणाचा? यातला एकेक प्रश्न किरकोळ वाटतो. पण फाशी आणि सुटका यांच्यातलं अंतर कित्येकदा याच किरकोळ प्रश्नांनी ठरतं.

पंच हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कायद्याला अपेक्षित आहेत परिसरातले दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ नागरिक. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यासमोरचा पानवाला वर्षानुवर्षं पंच म्हणून सह्या करतो, आणि उलटतपासात म्हणतो, ‘मी तिथून जात होतो, साहेबांनी बोलावलं, कागदावर सही घेतली.’ पंच फितूर झाला की सरकार पक्ष हळहळतो. मात्र प्रत्येक वेळी तो विकला गेलेला असतो असं नाही. काही वेळा तो पहिल्यांदाच खरं बोलत असतो. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, हे म्हणूनच बरं झालं. प्रामाणिक तपास अधिकाऱ्यालाही त्याचा आधारच होईल.

आणि मग उलटतपास. सत्र न्यायालयात मराठीत नोंदवलेली साक्ष ज्यांनी वाचली आहे त्यांना दोन वाक्यं पाठ असतात. एक: ‘पोलिसांना मी तसे सांगितले होते, परंतु माझ्या जबाबात ते का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ दुसरं: ‘मी आरोपीविरुद्ध खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ पहिलं वाक्य निघालं की वकिलाचं काम झालं. साक्षीदाराने कोर्टात सांगितलेली महत्त्वाची गोष्ट पोलिसांकडच्या पहिल्या जबाबात नव्हती. ती मागाहून आली. या उणिवेला कोर्टात सगळेजण ‘ओमिशन’ म्हणतात, आणि ती तपास अधिकाऱ्याकडून पुन्हा शाबीत करून घ्यावी लागते. ते राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. दुसऱ्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. तरीही वकील ते विचारतो, कारण आपली बाजू साक्षीदारापुढे मांडलीच नाही तर नंतर ती मांडायला तोंड राहत नाही. चांगला उलटतपास ऐकायला बऱ्याचदा कंटाळवाणा असतो. दिवा किती अंतरावर होता, अमावस्या होती का, ओटा किती उंच, गोठ्याची भिंत मधे येते का. आवाज चढवणारा वकील अशिलाला खूश करतो; अंतर मोजणारा त्याला सोडवतो.

हे सगळं किती दूर जाऊ शकतं, याचं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे ११ जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट. १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कारणं कोणती? ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. मकोकाखालच्या कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही, त्यांतले मजकूर एकमेकांशी जुळणारे. स्फोटकं नीट सीलबंद ठेवलेली नव्हती. म्हणजे वर सांगितलेल्या त्याच त्या किरकोळ गोष्टी. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश दिला. सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र पाठवलं नाही. स्फोटांत ज्यांची माणसं गेली त्यांना या निकालाने काय वाटलं असेल, याची कल्पना करवत नाही. पण त्यांचा राग ज्याच्यावर निघायला हवा तो तपास आहे. अठरा-एकोणीस वर्षांनी तपासातली भोकं दाखवून देणारा वकील त्या भोकांचा धनी नसतो.

दरवेळी बचाव ‘मी केलंच नाही’ असा नसतो. ‘केलं, पण तो खून नव्हे’ हाही बचावच. मुंबईने याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९५९ मध्ये पाहिला. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना २७ एप्रिलला पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांबद्दल सांगितलं. त्यांनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्वर घेतलं आणि आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. कार्ल खंडालावाला यांनी बचाव मांडला: झटापटीत गोळ्या सुटल्या, आणि नाहीतर, अचानक आणि तीव्र प्रक्षोभात हे घडलं, म्हणजे खून नव्हे, सदोष मनुष्यवध. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटेना, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. दोन मुद्दे निर्णायक ठरले. नुकत्याच अंघोळ केलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता, मग झटापट कसली? आणि पत्नीने सांगितल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते. तेवढ्या वेळात डोकं थंड व्हायला हवं. लोकांची सहानुभूती नानावटींच्याच बाजूची होती आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. सहानुभूतीने माफी मिळते, कायद्यातला प्रक्षोभ मात्र मिनिटांवर मोजतात, हे त्या खटल्याने कायमचं ठरवलं.

याच गटात स्वसंरक्षण येतं. अंगावर कुऱ्हाड घेऊन आलेल्याला काठीने मारलं तर कायदा पाठीशी उभा राहतो. पळून जाणाऱ्याला गाठून मारलं तर राहत नाही. गुन्हा करताना आपण काय करतोय हे समजण्याची कुवतच मनोविकारामुळे नव्हती, असाही बचाव आहे. अशा बचावांत थोडं ओझं आरोपीवर येतं, पण सरकार पक्षाइतकं नाही. त्याची बाजू शक्यतेच्या तराजूत जड ठरली की पुरे.

परिस्थितिजन्य पुराव्याचा खटला आला की वकिलाच्या तोंडी हमखास एक नाव येतं, सारडा खटला. पुण्यातल्या एका विवाहितेच्या विषाने झालेल्या मृत्यूचं हे प्रकरण. पतीला खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तेव्हा घालून दिलेल्या पाच कसोट्यांना न्यायालयाने ‘पंचशील’ म्हटलं. पुराव्याची साखळी इतकी पुरी हवी की, आरोपीनेच गुन्हा केला याखेरीज दुसरा तर्क बसूच नये, हा त्याचा गाभा. त्यातला ‘असू शकेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतल्या अंतराचा मुद्दा आधीच्या, १९७३ च्या बोबडे खटल्यातून आला आहे. गंमत म्हणजे त्याच बोबडे निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी उलटा इशाराही दिला: संशयाचा फायदा हे तत्त्व इतकं ताणू नका, की गुन्हेगार सर्रास सुटावेत आणि लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडावा. बचावाचे वकील निकालाचा पहिला भाग वाचून दाखवतात, सरकारी वकील दुसरा.

बचाव निकामी असला की काय होतं, याच्या हकिगती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतच पडून आहेत.

मध्य प्रदेशात खांडव्याला २०१३ मध्ये एका लहान मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. १९ फेब्रुवारीला आरोपीला विधी साहाय्यातून वकील मिळाला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आठवड्याभरात तेरा साक्षीदार तपासून झाले आणि ४ मार्चला फाशी. जलद न्याय म्हणून कोणीही टाळ्या वाजवाव्यात असा वेग. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा खटलाच रद्द केला. ज्या वकिलाला कागद वाचायला एक दिवस मिळाला नाही त्याने बचाव केला असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला साधारण सात दिवस तरी हवेत, हे तेव्हा ठरलं. खटला पुन्हा चालला, पुन्हा फाशी झाली, डीएनए अहवालाच्या तज्ज्ञाची साक्ष घेण्यासाठी पुन्हा मागे आला आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. तेरा दिवसांत संपवलेला खटला अकरा वर्षं चालला. त्या मुलीच्या आईबापांना यातून काय मिळालं?

महाराष्ट्रातलं प्रकरण आणखी अंगावर येणारं आहे. २००३ मध्ये शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चार गुन्हेगार ओळखले होते. त्या चौघांचं पुढे काय झालं, याचा तपासच झाला नाही. सोळा वर्षं तुरुंगात काढलेल्यांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

अल्पवयीन असल्याचा मुद्दा निसटणं हा गरीब आरोपीच्या बचावातला जुना रोग आहे. पुण्यात १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांच्या हत्येने शहर हादरलं होतं. त्यात फाशी झालेला राजस्थानातला एक आरोपी घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. हा अठ्ठावीस वर्षं आत होता. गावच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती. खटल्याच्या वेळी ती मागायला कोणी गेलं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालात, फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचं आढळलं, त्याचं आश्चर्य वाटू नये.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. अशिलाने गुन्हा केला आहे हे वकिलाला ठाऊक असेल तर? बार कौन्सिलचे नियम याबाबत सरळ आहेत. आरोपी दोषी आहे असं वकिलाचं खाजगी मत असलं तरी त्याने बचाव करावा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणाला शिक्षा होऊ नये या कायद्याशी त्याची बांधिलकी आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं तो बाहेर फोडू शकत नाही. मात्र खोटा साक्षीदार उभा करणं, त्या दिवशी आरोपी पंढरपूरला होता असा बनाव रचणं, फिर्यादीला धमकावणं यातलं काहीही त्याला चालत नाही. पुरावा तपासून पाहणं आणि पुरावा बनवणं यांत भेद आहे, आणि तो ओलांडणारे वकीलही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तारखांवर तारखा घेऊन साक्षीदाराला थकवणं ही तर आपल्याकडची रुळलेली युक्ती. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या पूर्वचारित्र्याबद्दल विचारायला कायद्याने मनाई आहे, तरी आडून आडून विचारलं जातं. असा प्रश्न न्यायाधीशांनी तिथल्या तिथे थांबवायला हवा.

बहिष्काराच्या ठरावांचा मुद्दा कायद्यापुरता २०१० मध्येच मिटला आहे. तमिळनाडूतल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी असे ठराव घटनाविरोधी आणि शून्यवत ठरवले. तरी दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर साकेत न्यायालयातल्या वकिलांनी तोच पवित्रा घेतला. आपल्याकडेही एखादी भीषण घटना घडली की जिल्ह्याच्या बारमध्ये तशी कुजबुज सुरू होते. माझ्या मते असा ठराव पीडितांनाच महागात पडतो. बाहेरगावचा, घाईने नेमलेला, प्रकरण न वाचलेला वकील मिळाला की शिक्षेचा पायाच कच्चा राहतो, आणि खांडव्याप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले होते. त्यातल्या बहुतेकांना नामांकित वकील परवडत नाही. जुन्या पद्धतीत पॅनेलवरचा वकील आपली खाजगी प्रॅक्टिस सांभाळून अल्प मानधनावर हे काम करायचा आणि ते कामात दिसायचं. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. महाराष्ट्रात त्यांना लोकअभिरक्षक म्हणतात. त्यांना खाजगी वकिली करता येत नाही, रिमांडपासून अपिलापर्यंत आरोपीचं काम हेच त्यांचं काम. योजना चांगली आहे. मात्र एकेका वकिलावर किती खटले लादले जातात आणि तुरुंगात जाऊन अशिलाला भेटायला त्यांना वेळ मिळतो का, यावर तिचं यश ठरेल.

तुमच्या ओळखीतलं कोणी अशा गुन्ह्यात अटक झालं, तर एवढं करा. पहिल्या रिमांडलाच वकील मागा. दोषारोपपत्र येईपर्यंत थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे लोकअभिरक्षक भेटतात. कोठडीत असलेल्या कोणालाही, मग त्याचं उत्पन्न काहीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आरोपी अठराच्या आतबाहेर असेल तर त्याचा शाळेचा दाखला ताबडतोब काढून ठेवा. पीडित बाजूचे असाल तर तुम्हालाही सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो, आणि स्त्रियांना, मुलांना व अनुसूचित जाती-जमातींतल्या लोकांना तोही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा देशभरातला टोल-फ्री क्रमांक १५१०० आहे.